मुक्कामी गाडीतली झोप

जानेवारीचा शेवटचा रविवार, दुपारची जेवणं आटोपल्यावर. हजर: मी, आमचे हे, सासूबाई, आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेल्या माझ्या फोनच्या पडद्यावर नागपूरहून मुलगी. बोलावलेले, पण उशिरा आलेले: यांच्या गाडीवरचे कंडक्टर. विषय एकच: यांची झोप.

मी शाळेत हेडक्लार्क आहे. बैठक लावायची, हजेरी लिहायची, विषय मांडायचा आणि निर्णय झाल्याशिवाय कोणाला उठू द्यायचं नाही, हे माझं रोजचं काम. पण नवऱ्याच्या झोपेवर बैठक लावायची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं. हे लोडाला टेकून बसत म्हणाले, "आता झोपू देशीन का ठराव पास करशीन?" सासूबाई हसल्या, फोनमधली पोरगीही हसली. मला हसू आलं नाही. त्या दुपारी यांच्याकडून मला एकच गोष्ट कबूल करून घ्यायची होती. अकोल्याच्या दवाखान्यात एक रात्र झोपून झोपेची तपासणी करून घ्यायची, आणि ती होईपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही.

हे सरकारी बसवर ड्रायव्हर आहेत. अर्ध्याहून जास्त आयुष्य मलकापूरच्या डेपोत गेलं, पण एक अपघात यांच्या नावावर नाही. त्याचा एक बिल्ला मिळालाय. सासूबाईंनी तो बुद्धमूर्तीशेजारी ठेवलाय आणि पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांना तो दाखवतात. मलाही त्याचा अभिमान होताच. गाडी कशी चालवावी हे कोणी यांना विचारावं, असं मी शाळेत चार वेळा बोलून दाखवलं असेल.

दिवाळीनंतर मला पहिल्यांदा शंका आली. भाकरीचा तुकडा मोडून हातात, आणि माणूस झोपलेला. मी हाक मारली की म्हणायचे, "विचार करून राह्यलो होतो." मग विहारात रविवारची वंदना चालू असताना मागच्या रांगेतून घोरणं सुरू झालं आणि पोरं तोंडावर हात ठेवून हसायला लागली. तिथपर्यंत मी थकवा म्हणून सोडून दिलं. मग एका संध्याकाळी आम्ही दोघं मोटरसायकलवर बाजारातून येत होतो. रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी गेली, फाटक उघडलं, मागून हॉर्न वाजायला लागले, आणि आमची गाडी हलेना. मी खांद्यावरून पुढे वाकून पाहिलं. दोन्ही पाय जमिनीवर, हात हँडलवर, हनुवटी छातीवर. झोपले होते.

मी खांदा हलवला. ते दचकले आणि एका क्षणात गाडी गिअरमध्ये टाकून निघाले, जणू काही झालंच नाही. घरी येईपर्यंत मी त्यांच्या शर्टाची पाठ मुठीत धरून बसले होते. हा माणूस आठवड्यातले बरेच दिवस राजूरच्या घाटातून बस वर नेतो आणि खाली आणतो. बस भरलेली असते. त्यात माझ्या शाळेतल्या शिक्षिका असतात, कॉलेजच्या मुली असतात, बुलढाण्याच्या दवाखान्यात निघालेले म्हातारे असतात. वळणावर दोन सेकंद डोळा लागला तरी पुरे.

घरी हा विषय काढला की थट्टाच व्हायची. आमच्या घरात घोरणं हा आजार कधीच नव्हता, ती वंशाची खूण होती. सासूबाई सांगायच्या, "याचे बाबा असे घोरत का गल्लीतली माणसं म्हणत, आज मास्तर घरी हायत. अन् गेले तेही झोपेतच. कोणाले त्रास नाई, काई नाई. पुण्यवान माणूस." सासरे पंचावन्न पुरे व्हायच्या आधी गेले होते. हे आता त्याच वयाच्या जवळ आलेत. हे मी मोठ्यानं कधी म्हटलं नाही.

मुलगी नागपूरला फार्मसी शिकते. तिला फोनवर सगळं सांगितलं. तिनं एक मनगटी घड्याळ पाठवलं, जे झोप, नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजतं आणि फोनवरच्या अ‍ॅपमध्ये रोज सकाळी सगळं मांडून ठेवतं. म्हणाली, "आई, तू सगळ्याचे तक्ते करतेसच. पप्पांच्या झोपेचाही कर. पण डॉक्टर तू होऊ नको, फक्त नोंद ठेव."

यांनी घड्याळ आनंदानं घातलं, नवीन वस्तूचं अप्रूप म्हणून. डेपोत दोन दिवस त्यावरून धिंगाणा झाला. एकानं विचारलं म्हणे, "काऊन बे, वहिनीनं पट्टा घातला का?" दुसरा म्हणाला, "पट्टाच हाय. रात्री सुटून गेला तं घरी घंटी वाजते." हे सगळं हे घरी येऊन आम्हालाच रंगवून सांगत. सासूबाई घड्याळाच्या मागचा हिरवा दिवा बघून म्हणाल्या, "हे काय पाहून राह्यलं आतून? त्याच्या मनातलं दिसते का यात?" हे म्हणाले, "दिसलं असतं तं तुह्या सुनेनं दोन घेतले असते, माय."

मी तक्ता सुरू केला. अ‍ॅपमध्ये गाढ झोप गडद निळी दिसते, हलकी झोप फिकी, आणि जाग नारिंगी. ऑक्सिजन खाली गेला की रेषेला दात पडतात. यांच्या घरच्या रात्रींच्या रेषेला करवतीसारखे दात होते. निळं जवळजवळ नाहीच, फिक्या रंगात नारिंगी ठिगळं. यांना विचारलं तर म्हणत, "एकदा पडलो तं सकाळीच उठलो." त्यांना स्वतःला एकदाही जाग आल्याचं आठवत नव्हतं.

महिन्यातला एक आठवडा यांची मुक्कामी गाडी असते. संध्याकाळी मलकापूरहून निघायचं, घाट चढून बुलढाणा, पुढे चिखली, अमडापूर, आणि त्याच्याही पुढच्या एका खेड्यात गाडी उभी करायची. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात. पहाटे तीच गाडी माणसं घेऊन परत निघते. त्या खेड्यात फोनला रेंज नाही. सकाळी गाडी चिखलीला आली की यांच्या फोनमधून आकडे निघायचे आणि माझ्या फोनवर यायचे. तोवर मी शाळेत हजेरीचा मस्टर पुढे घेऊन बसलेली असायची, नजर फोनवर. आकडे आले म्हणजे गाडी चिखलीपर्यंत सुखरूप आली, एवढं तरी कळायचं. घाट मात्र पुढेच असायचा.

पहिल्या मुक्कामी आठवड्याचे आकडे बघून मी चक्रावले. रेषा सरळ. निळा पट्टा रुंद, दात जवळजवळ नाहीत. एक रात्र तेवढी घरच्यासारखी वाईट होती. ती मी घड्याळाचा बिघाड समजून बाजूला काढली. मुक्कामात खरं तर झोपायला वेळच कमी मिळतो, गाडीत डास, थंडी, अवघडलेलं अंग. तरी झोप चांगली. आणि घरी गादी, पंखा, चादर, सगळं असून झोप वाईट.

हे खूश झाले. फोन सगळ्यांना दाखवत म्हणाले, "पाहा. आजार असता तं तिथंही असता ना? झोप तिथंही माहीच अन् इथंही माहीच. मंग इथंच काऊन बिघडते?"

सासूबाईंनी पडदा नीट बघितला. आकडे त्यांना कळत नाहीत, पण निळं आणि नारिंगी कळतं. मग माझ्याकडे बघितलं. "घरीच झोप नाई येत म्हणजे घरातच काईतरी हाय," एवढंच म्हणाल्या आणि तुरीच्या शेंगा सोलायला बसल्या.

ते मला लागलं. पण रडत बसण्याचा माझा स्वभाव नाही. घरातच काही असेल तर ते शोधून काढायचं, म्हणून मी कामाला लागले. डासांची कॉइल बंद केली, मच्छरदाणी आणली. रात्रीचा ठेचा बंद. झोपायच्या आधी यांच्याशी पोरीच्या फीबद्दल बोलणं बंद. खाट खिडकीपासून हलवली. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं, उशा जास्त असल्या की मान मुडपते आणि घोरणं वाढतं. मी यांच्या दोन जाड उशा काढून एक पातळ दिली. त्या आठवड्यात रेषेचे दात आणखी खोल गेले. मी आणखी काही बदलायचं बघितलं. गादी बदलली. मग मीच दुसऱ्या खोलीत झोपायला गेले. तरी रेषा तशीच.

मी तक्त्याकडे बघत बसायची आणि मला खरंच वाटायला लागलं की मीच यांच्या उशाशी बसलेला आजार आहे. कोणाला सांगणार? पोरीला सांगितलं तर ती अभ्यास सोडून बसेल. शाळेत सांगितलं तर दुसऱ्या दिवशी बुलढाण्याच्या बसमध्ये चढताना सगळ्या ड्रायव्हरचं तोंड बघतील.

गावातल्या डॉक्टरांकडे यांना नेलं ते ब्लडप्रेशरच्या नावाखाली. प्रेशर वाढलेलं निघालंच. मी तक्ता पुढे केला. डॉक्टरांनी तो बराच वेळ बघितला. म्हणाले, "या घड्याळावर निदान होत नाही. ते अंदाज करतं, चुकतंही. पण दिवसा अशी झोप लागत असेल तर झोपेत घसा बंद होऊन श्वास अडकत असेल. अकोल्याला झोपेची तपासणी होते, ती करा. आजार निघाला तर त्यावर मशीन आहे, नीट वापरलं तर माणूस बरा राहतो. आणि तोवर गाडी चालवू नका."

बाहेर आल्यावर यांनी चपला पायात सरकवल्या आणि म्हणाले, "यानं फुकट रजा देऊन टाकली."

"तपासणी करू या ना," मी म्हटलं.

"तपासणीत निघालं तं कागद डेपोत जाईन. कागद गेला का स्टेअरिंग गेलं. मंग मले कुठं बसवतीन? चौकशीच्या खिडकीत? 'बुलढाणा गाडी कोणत्या फलाटावर' सांगत? मी?" आणि मग ठेवणीतलं अस्त्र: "मुक्कामाले चांगली झोप येते हे त्या डॉक्टरनं पाह्यलं का? मी साहेबाले सांगतो, मले कायमचा मुक्काम द्या."

त्यांनी तसं खरंच सांगितलं. मुक्काम कोणालाच नको असतो, त्यामुळे मिळायला अडचण नव्हती. पुढच्या महिन्यापासून रोज संध्याकाळी घाट चढणार आणि रोज सकाळी घाट उतरणार. म्हणून मी ती रविवारची बैठक लावली होती. कंडक्टर भाऊंना बोलावलं ते एवढ्यासाठी की मुक्कामी कायम राहायला तेही तयार नसतील, आणि ते नाही म्हणाले तर निदान हे तरी थांबेल. याहून जास्त आशा मी धरली नव्हती.

ते आले ते हातात संत्र्यांची पिशवी घेऊन. दारातूनच, "जय भीम, वहिनी. जय भीम, माय." यांच्याहून सात-आठ वर्षांनी लहान, बोलका माणूस. फोनमधल्या पोरीला म्हणाले, "काय गं, डॉक्टरीन झाली का?"

"फार्मसी, काका."

"एकच हाय. गोळ्या तं तुह्याच हातानं खाव्या लागतीन."

मी चहा ठेवला आणि विषय मांडला. घरची झोप वाईट, मुक्कामाची चांगली, म्हणून हे कायमचा मुक्काम घेतायत. तुमचं काय म्हणणं?

कंडक्टर भाऊ चहाचा कप हातात धरून यांच्याकडे बघत राहिले. मग मोठ्यानं हसले. "मुक्कामाले चांगली झोप? भाऊले? वहिनी, मुक्कामाले झोपायले जागाच कुठं राह्यते?"

"गाडी रिकामी असते ना रात्री?"

"कुठची रिकामी! अवो, त्या गावातून पहाटे चिखलीच्या बाजारात भाजी जाते. गाडीले गर्दी असते. म्हणून लोकं रात्रीच जागा धरून ठेवतात. संध्याकाळी गाडी लागली का बाया येतात अन् एकेका सीटवर पोते, टोपल्या, मेथीचे गठ्ठे मांडून जातात. ज्याचं पोतं, त्याची सीट. मागच्या लंब्या सीटवर तं वांग्याचे पोते छताले भिडतात. मी दोन सीटच्या मधात गोधडी टाकून पडतो. भाऊचं पोट तिथं मावत नाई. तो बसूनच झोपते. पाठीले कोथिंबिरीचं पोतं, बाजूले खिडकी. राजासारखा बसते अन् सकाळपर्यंत हू का चू नाई."

"घोरत नाहीत?"

"बसल्यावर नाई. पण त्या गावात एका दिवशी मयत झाली होती. कोणी भाजी तोडली नाई, गाडी पूर्ण खाली. भाऊ म्हणे, आज आडवा होतो. मागच्या सीटवर पाय पसरले. असा घोरला बावा, का कुत्रे गाडीभोवती गोळा झाले. मधीच घोरणं बंद व्हायचं, मले वाटे गेला का काय, अन् मंग पाण्यातून वर आल्यासारखा श्वास घ्यायचा. मी दोनदा उठून पाह्यलं."

"कधी झालं हे?" मी विचारलं. त्यांनी सांगितलं. मी तक्ता उघडला. मी घड्याळाचा बिघाड समजून बाजूला काढलेली रात्र तीच होती.

फोनमधून पोरगी बोलली, तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. "आई, बसून झोपलं की घसा उघडा राहतो. आडवं झालं की जीभ मागे पडते आणि श्वास अडकतो. घराचा काही संबंध नाही. तुझा तर नाहीच. पप्पा, घड्याळ दोन्हीकडे खरंच सांगत होतं."

मी उशा काढून घेतल्या होत्या, हे मला तेव्हाच आठवलं. पण त्यावर थांबायला कोणी वेळ दिला नाही, कारण हे एकदम उसळले. "झालं! मंग सोपं हाय. घरीही बसून झोपतो. एक पोतं आणून ठेव कोथिंबिरीचं."

"आणि गाडी?" मी म्हटलं.

"गाडीले काय झालं? मी गाडीवर एक डुलकी घेतली असन तं सांग म्हणा कोणी."

यावर कंडक्टर भाऊंनी काही बोलायला नको होतं. पण त्यांनी कप खाली ठेवला होता आणि ते हसत नव्हते. "भाऊ, वहिनीले सांगू दे आता. मलेही पोरं हायत."

"तू गप बस बे."

"नाई बसत. वहिनी, घाट लागला का मी तिकिटं काढत नाई. बुलढाण्यातच सगळे काढून घेतो. घाटात पुढं येऊन भाऊजवळ उभा राह्यतो अन् बोलत राह्यतो. कोणाचं लग्न, कोणाची सोयरीक, काईही. त्यानं उत्तर दिलं का मी पुढचं बोलतो. उत्तर नाई आलं तं दांड्यावर तिकिटाचा पंच आपटतो. मांगच्या आठवड्यात दोनदा आपटला. लोकं विचारतात, कंडक्टर, काय झालं? मी म्हणतो, माकड आडवं आलं."

मला आठवतं, मी उठून गॅस बंद केला, जो आधीच बंद होता. दोन महिने मी आकडे गोळा करत होते आणि मला वाटत होतं, हे फक्त मलाच माहीत आहे. तिकडे घाटात एक माणूस रोज गप्पा मारून पन्नास जणांना खाली आणत होता. त्यानंही कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर यांचं स्टेअरिंग गेलं असतं. घाट आपण दोघं मिळून निभावून नेऊ, असं यांना आणि कंडक्टर भाऊंना वाटत होतं.

हे खाली मान घालून बसले होते. मला वाटलं झोपले. पण जागे होते. हळूच म्हणाले, "माकड आलं होतं एका दिवशी."

तेवढ्यात सासूबाई बोलल्या. त्या दुपारभर शेंगा सोलत बसल्या होत्या. शेंगांची टोपली बाजूला सारली आणि कोणाकडेच न बघता म्हणाल्या, "याचे बाबा गेले तवा मी बाजूलेच होते. घोरून राह्यले होते. मंग घोरणं थांबलं. मले वाटलं, बरं झालं, आता तरी शांत झोपले. मी कूस पालटून झोपून गेले."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. पुण्यवान माणसाची गोष्ट आमच्या घरात नेहमी एवढ्यावरच थांबायची की झोपेत गेले. फोनमध्ये पोरगी रडायला लागली. तिला "नंतर बोलू" म्हणून मी फोन उलटा ठेवला. सासूबाई उठून यांच्याजवळ गेल्या, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सूनबाई म्हणते तसं कर. आता मले पुन्हा कूस पालटता येत नाई."

त्या दिवशी ठरलं ते असं. डेपोत आजारपणाची रजा द्यायची. खाटेला डोक्याकडून विटा लावून ती उंच करायची आणि तीन उशा ठेवायच्या. अकोल्याची तारीख घ्यायची. कंडक्टर भाऊ दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर जातील आणि कोणी विचारलं तर "भाऊचं प्रेशर वाढलं" म्हणतील. प्रेशर वाढलेलं होतंच, त्यामुळे ते खोटंही नव्हतं.

रजा मी सोमवारीच पोचवली. विटा लावल्या. रेषेचे दात थोडे कमी झाले, गेले नाहीत. पण घरी बसलेला ड्रायव्हर काय असतो, हे मला माहीत नव्हतं. हे पहाटे त्यांच्या वेळेला उठतात, खाकी इस्त्री करतात आणि पुन्हा हँगरला लावतात. दुपारी बसस्टँडवर जाऊन येतात. कोणती गाडी किती उशिरा लागली ते मला सांगतात. संध्याकाळी माझ्याशी बोलत नाहीत. एकदा भाजी चिरताना म्हणाले, "मी गाडीवरून उतरलो तं मी कोण हाय, हे सांग मले." मी त्यांच्या पुढची विळी ओढून घेतली, कारण त्यांचे डोळे मिटत होते.

अकोल्याची तारीख मिळाली. मी किरकोळ रजा टाकली, रेल्वेची तिकिटं काढली, पिशवी भरली: टॉवेल, लुंगी, जुने रिपोर्ट, तक्त्याची प्रत. गाडी आली. मी आधी चढले, पिशवी सीटवर ठेवली आणि दारात येऊन हात पुढे केला. हे फलाटावर उभे होते, दोन्ही हात खिशात. आजूबाजूची माणसं चढत होती, उतरत होती. हे जागचे हलले नाहीत.

"चढा ना," मी म्हटलं.

"तू जाऊन ये."

"मी काय झोपायला जाऊ तुमच्या ऐवजी?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "आज नको. पुढच्या आठवड्यात नक्की. मी घरी बसून झोपतो ना, बरी येते आता झोप. आज नको." मी इतकी वर्षं या माणसाबरोबर काढली, पण त्यांचा असा चेहरा पाहिलेला नव्हता. आत चावरं कुत्रं असलेल्या दारासमोर उभं राहावं, तसे ते त्या डब्यासमोर उभे होते. शिट्टी झाली. मी आत धावत जाऊन पिशवी घेतली आणि खाली उतरले. गाडी गेली. फलाट रिकामा झाल्यावर हे म्हणाले, "चहा घेतेस का?" आणि मी घेतला. दुसरं काय करणार होते?

यांची रजा संपत आली आहे. संपली की गावातल्या कुठल्याही डॉक्टरचा फिटनेसचा कागद दिला तरी डेपो त्यांना घेईल, कारण त्यांच्या फाइलीत प्रेशरखेरीज काही लिहिलेलं नाही. मुक्कामाची गाडी त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे, असा साहेबांचा निरोप आला आहे. इस्त्री केलेली खाकी हँगरला आहे. कंडक्टर भाऊंनी फोन करून विचारलं, "वहिनी, झालं का?" आणि मी सांगितलं, होईल.

अकोल्याच्या दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलंय, चुकलेली तारीख घरच्यांनी फोन केला तर पुन्हा मिळत नाही, पेशंटला स्वतः बोलावं लागतं. तेव्हा राहिलेलं काम एवढंच: यांच्या हातात फोन द्यायचा, नंबर लावून द्यायचा, आणि यांच्या तोंडून रजा संपायच्या आतली तारीख मागवून घ्यायची. काल दोनदा नंबर लावला. दोन्ही वेळा पलीकडून "हॅलो" आल्यावर यांनी फोन माझ्याकडे परत दिला.